बिनपाण्याची बॅटरी आणि माझा अंदाज

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला माणूस. बी.एस्सी., रसायनशास्त्र, भंडाऱ्याच्या कॉलेजातून, सेकंड क्लास. फर्स्ट क्लास चार मार्कांनी हुकला. तेही सांगून टाकतो, नाहीतर दुसरं कोणी सांगेल.

त्या डिग्रीवर मी एकोणऐंशी साली अड्याळला, बाजाराच्या रस्त्यावर, बॅटरी चार्जिंगचं दुकान टाकलं. बाबांना ते पटलं नाही. ते धान पिकवणारे, त्यांचे वडीलही तेच. बी.एस्सी. झालेल्या माणसाने पंख्याखाली खुर्चीत बसावं आणि लोकांनी त्याच्यासमोर उभं राहावं, अशी त्यांची साधी कल्पना. मी बसायचो लाकडी बाकावर, ॲसिडच्या वासात, आणि माझ्या एकूण एक पँटला गुडघ्याच्या वर बारीक भोकं पडलेली. आई विचारायची, याले रोज उंदरं खातेत का? पण मला त्या कामात गोडी होती. शिसं, ॲसिड आणि पाणी, एवढ्याच वस्तू. त्यांच्यात वीज जाते, बाहेर येते, पुन्हा जाते. कॉलेजात जे फळ्यावर खडूने पाहिलं ते इथे बुडबुडे होऊन डोळ्यांसमोर वर यायचं. कोणाच्या बॅटरीचा कुठला सेल मेला हे मी नुसत्या वासावरून सांगतो, असं लोक म्हणत. खरं म्हणजे मी हायड्रोमीटर लावून सांगायचो. पण लोकांना वासाची गोष्ट आवडायची, आणि मीही ती कधी खोडून काढली नाही.

पहिली काही वर्षं गिऱ्हाईक म्हणजे थोडे ट्रॅक्टरवाले, दोन जीपगाड्या आणि लग्नातले लाउडस्पीकरवाले. मग टीव्ही आला. उंच बांबूवर अँटेना चढवली की आमच्याकडे नागपूर दिसायचं; जरा मुंग्या यायच्या, पण दिसायचं. अड्याळला लाइट होती, आजूबाजूच्या टोल्यांवर, म्हणजे दहा-बारा घरांच्या वस्त्यांवर, नव्हती. तिथले लोक बारा व्होल्टच्या बॅटरीवर छोटा काळा-पांढरा टीव्ही चालवत आणि बॅटरी उतरली की माझ्याकडे घेऊन येत. सायकलच्या कॅरिअरवर, बैलबंडीत, आणि एकदा तर दोघांनी बांबूला टांगून, डोली आणावी तशी आणली. त्या वर्षी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची आणि मला ते फार बरं वाटायचं.

त्यातल्या एका टोल्याची ही गोष्ट आहे. अड्याळपासून तीन मैलांवर, तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली, अकरा घरं. अकराही घरांनी मिळून एक टीव्ही आणि एक बॅटरी घेतली होती. दोन्ही वस्तू घरोघरी फिरायच्या, प्रत्येकाकडे एक दिवस, पाळीने. सकाळी पाळी बदलायची. आणि या सगळ्याचे कारभारी होते तलावाचं पाणी वाटणारे एक म्हातारे. सगळे त्यांना आबाजी म्हणत, मीही आबाजीच म्हणायचो.

धानाच्या दिवसांत तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, किती वेळ जाईल हे आबाजी ठरवत. आमच्याकडच्या जुन्या तलावांना तुडूम असतो, म्हणजे पाणी सोडायची दगडी मोरी. तिला पायरीपायरीने भोकं आणि प्रत्येक भोकात एक लाकडी खुंटी. वरची खुंटी काढली की वरच्या थराचं पाणी येतं, ती पुरली नाही की खालची काढायची. त्या खुंट्यांना आबाजींशिवाय कोणी हात लावत नसे. तेव्हा टोल्याने बॅटरी त्यांच्याच हवाली केली यात काही नवल नव्हतं. बॅटरीत पाणी असतं, आणि पाणी म्हटलं की आबाजी.

मी त्यांना एक जुना हायड्रोमीटर देऊन ठेवला होता. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारी दांडी. बॅटरीचं बूच काढून फुग्याने पाणी ओढायचं. बॅटरी भरलेली असली की ॲसिड दाट, दांडी उंच तरंगते; उतरली की ॲसिड पातळ, दांडी खाली बसते. दांडीवर हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे असतात. मी दिला तो एवढ्यासाठी, की नुसतं पाणी कमी झालं आहे का बॅटरीच उतरली आहे हे त्यांना कळावं आणि उगीच तीन मैल आणू नये. ते त्याचं पुढे काय करत होते हे मी कधी विचारलं नाही. ही माझी चूक, आणि ती पुढे मला भोवणार होती.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका मोठ्या बॅटरी-विक्रेत्याचे साहेब जीप घेऊन दुकानी आले. मी बी.एस्सी. असून चार्जिंग करतो हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांनी चकचकीत कागद बाकावर पसरला. नवी बॅटरी येत होती, पूर्ण बंद. बूच नाही, पाणी घालायचं नाही, ॲसिड सांडायचं नाही. आत ते मोकळं नसतंच, काचेच्या कापसासारख्या घड्यांत शोषलेलं असतं. आडवी ठेवा, उभी ठेवा. मी तो कागद दोनदा वाचला. माझ्या पँटी वाचणार होत्या.

साहेबांना हवा होता बाजाराचा अंदाज. पुढच्या पाच वर्षांत आमच्या भागात ही बॅटरी कोण घेईल, किती घेईल, जुनी बॅटरी कधी जाईल. जिल्ह्यातल्या तीन-चार जणांना त्यांनी हेच काम दिलं होतं. ज्याचा कागद चांगला त्याला जिल्ह्याची एजन्सी. नमुन्याला दोन बॅटऱ्या ठेवून ते गेले.

जिल्ह्याची एजन्सी म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. मग मी बॅटरी चार्ज करणारा राहिलो नसतो, बॅटरीचा विक्रेता झालो असतो. दुकानात टेबल आलं असतं, खुर्ची आली असती. आणि बाबा दर आठ दिवसांनी कुठल्यातरी ऑफिसात क्लार्कची जागा निघाल्याचं ऐकून यायचे, ते थांबलं असतं.

मी महिनाभर फिरलो. एसटीने लाखांदूरला गेलो, तिथल्या ट्रॅक्टरवाल्यांना, राइस मिलवाल्याला, एका डॉक्टरला विचारलं. डॉक्टरांनी लगेच हो म्हटलं. लाइट गेली की त्यांना दिवा लागायचा आणि पाणी पाहायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. चिखल्यालाही गेलो, एसटी बदलत बदलत, मँगनीजच्या खाणीवर. तिथे जमिनीखाली जाणारे लोक टोपीवर दिवा लावतात आणि त्याची बॅटरी कंबरेच्या पट्ट्याला असते. दिव्यांच्या खोलीत एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी मला रांगेने लावलेल्या बॅटऱ्या दाखवल्या, प्रत्येकीवर नंबर. ते म्हणाले, इथे एक माणूस, एक दिवा, एक नंबर, ज्याचा त्याला. बंद बॅटरी आली तर उत्तमच, निदान लोकांच्या पट्ट्यावर ॲसिड यायचं नाही. मी खूश होऊन लिहून घेतलं. त्यांच्या बोलण्यातला महत्त्वाचा शब्द कोणता, हे तेव्हा कळलं नाही.

घरी येऊन मी अंदाज लिहिला. इंग्रजीत लिहिला, आलेख काढून. आलेखावरची रेघ डावीकडून निघाली आणि उजव्या कोपऱ्यात कागदाबाहेर जायला निघाली. टोल्यांवरचे टीव्हीवाले माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, तेव्हा सगळ्यात जास्त खप मी त्यांच्याच नावावर लावला. तीन मैल बॅटरी आणताना ॲसिड सांडायचं, मधेमधे पाणी घालायचं; एवढा त्रास वाचतो तर कोण घेणार नाही? पाच वर्षांत जुनी बॅटरी संपली, असं मी लिहून मोकळा झालो.

बाबा जेवायला बसले होते तेव्हा मी त्यांना तो आलेख दाखवला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण रेघ दिसली. त्यांनी विचारलं, "हे बॅटरी तू कोनाकडं चालवून पाह्यली का?"

मी म्हटलं, नमुना दुकानात आहे.

"दुकानात कोन टीव्ही पाह्यते गा?"

त्यांनी एवढंच विचारलं आणि भाजी मागितली. मला जरा राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. दुसऱ्याच दिवशी एक नमुना मी आबाजींच्या टोल्यावर पोचवला. महिनाभर वापरा म्हटलं, फुकट. पाणी घालू नका, काहीच करू नका. आबाजींनी ती सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली आणि वरून हात फिरवला.

तीन आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी सकाळी, त्यांची बंडी दुकानासमोर थांबली. आबाजींबरोबर टोल्यावरचे दोघे जण होते. त्या दोघांनी बॅटरी उचलून आत आणली आणि बाकावर ठेवली. बॅटरीच्या वरच्या बाजूला एका रेषेत सहा भोकं होती. प्रत्येक भोकात सागाची एक खुंटी, तासून गुळगुळीत केलेली, वर धरायला बोंड काढलेलं. काम इतकं सुबक होतं की कंपनीनेच दिलं असावं असं वाटावं. आमच्या भागात तलावाच्या तुडुमाला असतात तशाच त्या सहा खुंट्या, फक्त बोटाएवढ्या.

"आबाजी, हे कोनं केलं जी?"

"मीनंच. सुताराचं गिरमिट आनलं. दुसरं कोन करन?"

मी सांगून पाहिलं, की या बॅटरीत पाणी पाहायचंच नसतं, त्यासाठीच तर ती बनवली आहे.

"तुले पाहाचं नसन, बाबू. मले अकरा घरं हायेत."

मग त्यांनी खिशातून हायड्रोमीटर काढला, आणि मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं ते त्याने काय करत होते. रोज सकाळी पाळी बदलताना आबाजी दोन्ही घरच्या माणसांना समोर बसवत आणि बॅटरीला माप लावत. दांडी काल कुठे होती, आज कुठे आहे. अकरा घरांनी मिळून ठरवलेलं होतं, एका दिवसात दांडी एवढीच खाली यायची. ज्याच्या घरी जास्त खाली आली त्याची पुढची पाळी तेवढी लहान. तलावाच्या पाण्याला दगडावरच्या खुणा असतात, तसंच. टोल्यावर बॅटरीवरून कधी भांडण झालं नव्हतं, त्याचं कारण ती काचेची नळी होती. मी दिलेली, आणि मलाच माहीत नसलेली.

बंद बॅटरी आली आणि माप गेलं. पाचव्या घरापासून कुरबुर सुरू झाली. सहावा म्हणाला, यानं पुरी वापरली. पाचवा म्हणाला, सिद्ध कर. तेव्हा आबाजींनी गिरमिट आणलं. भोकं पाडली तर ओढायला आत मोकळं पाणी नाही. म्हणून त्यांनी माझ्याकडूनच नेलेलं डिस्टिल वॉटर आत घातलं आणि माप लावलं. नुसत्या पाण्यात दांडी कशाला तरंगेल? ती बसली तळाला.

"टीव्ही चालते," आबाजी म्हणाले, "तेच तं म्हनतो मी. टीव्ही चालते अन् माप म्हनते रिकामी. वस्तू खोटी हाये. खोट्या वस्तूवर मी पाळी कशी लावू?"

बरोबर आलेल्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "आबाजी तं म्हनत होते बी.एस्सी.वाल्याले माहीत असन."

मी चहा मागवला. दुसरं काय करणार? ते गेल्यावर मी त्या सहा खुंट्या एकेक काढून पाहिल्या. एक ठिणगी पडली असती तर बॅटरी आबाजींच्या तोंडावर फुटली असती. पण खरं लागलं ते दुसरंच. मी त्या टोल्याला तीन-चार वर्षं बॅटरी चार्ज करून देत होतो आणि महिनाभर बाजार समजून घ्यायला चिखल्यापर्यंत गेलो होतो. तीन मैलांवर एक बॅटरी कशी वापरतात हे मात्र विचारलं नव्हतं. आता चिखल्याच्या गृहस्थांचा शब्दही कळला. ज्याचा त्याला. बॅटरी एकाची असली की पाणी कोणाला पाहायचं नसतं. ती दहा जणांची असली की सगळ्यांना पाहायचं असतं, आणि झाकण उघडत नसेल तर विश्वास उडतो.

साहेब पुढच्या आठवड्यात येणार होते. एक नमुना साबूत होता. इंग्रजीतला कागद आलेखासकट तयार होता. दुसरा नमुना गिऱ्हाइकाकडे तीन आठवडे चांगला चालला, एवढं म्हणायचा अवकाश होता. आणि ते खोटंही नव्हतं. टीव्ही चालतच होता. दोन दिवस माझं मन तिकडे ओढत होतं, हे लपवत नाही. मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी खुंट्या हातात घेऊन पाहिल्या, साग चांगला वापरला म्हणाले, आणि एजन्सीबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी मी नवा कागद लिहिला. मराठीत, दीड पान, आलेख नाही. डॉक्टर, खाणीतले दिवे, राइस मिलचा मालक, जिथे बॅटरी एकाची आहे आणि पाणी पाहायला फुरसत नाही, तिथे ही बॅटरी आजही जाईल. टोल्यांवर, जिथे बॅटरी सगळ्यांची आहे, तिथे ती जाणार नाही. बॅटरीबरोबर भरलेली-उतरलेली दाखवणारं साधं माप द्या, मग जाईल. नाहीतर घरोघरी आपापली बॅटरी होईपर्यंत थांबा, त्याला दहा वर्षं लागतील. अड्याळ-लाखांदूर भागात पहिल्या वर्षी पाच बॅटऱ्या. खाली सही, आणि सहीखाली बी.एस्सी.

साहेब आले. मी कागद दिला आणि भोकांची बॅटरी पुढे ठेवली. त्यांनी आधी खुंट्या पाहिल्या, एक काढली, पुन्हा लावली, आणि खूप हसले. मग कागद वाचला आणि हसणं थांबलं.

"पाच? म्हणजे पाच शेकडे?"

"नाही साहेब. पाच."

त्यांनी सांगितलं, की बाकीच्यांनी शेकड्यांनी लिहून दिलं आहे. "तुम्ही तर भाऊ, माल विकूच नका म्हणून राहिले."

मी म्हटलं, "विकायचा आहे साहेब. पण जो परत घेऊन येईल त्याला नाही. तो माल परत माझ्याच बाकावर येतो."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि आबाजींची बॅटरी जीपमध्ये ठेवून घेतली, वरच्या साहेबांना दाखवायला. साबूत नमुना ठेवून घ्या म्हणाले. महिन्याभराने पत्र आलं, जिल्ह्याची एजन्सी दुसऱ्या गावच्या एका व्यापाऱ्याला गेली होती. बाबांनी विचारलं, काय लिवलं? मी सांगितलं. ते म्हणाले, बरं, आणि बांधावर निघून गेले. त्यानंतर क्लार्कच्या जागांची बातमी मात्र त्यांनी कधी आणली नाही, हे मला बऱ्याच दिवसांनी ध्यानात आलं.

मला वाईट वाटलं, पण फार दिवस नाही. मी नागपूरहून एक काट्याचा व्होल्टमीटर आणला आणि साबूत नमुन्यासकट आबाजींकडे गेलो. बंद बॅटरीचं माप याने कळतं, हे सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. महिनाभर दोन्ही बॅटऱ्या टोल्यावर राहिल्या. रोज सकाळी आबाजी जुन्या बॅटरीला आधी हायड्रोमीटर लावत, मग व्होल्टमीटर, आणि दांडी ज्या पट्ट्यावर असेल त्या रंगाचा ठिपका, काटा असेल तिथे, काचेवर देत. महिन्याने काचेवर ठिपक्यांची ओळ तयार झाली. मग ते नव्या बॅटरीकडे वळले. मी कॉलेजात जे प्रयोग केले त्यातला एकही इतक्या निगुतीने केला नव्हता. ठिपके जमले तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, की माप पटलं, जुनी घेऊन जा.

एजन्सी नव्हती, पण त्या व्यापाऱ्याकडून माल आणून मला विकता येत होता. वर्षभरात माझ्या दुकानातून बंद बॅटऱ्या गेल्या त्या सहा. डॉक्टर, मिलवाला, तीन ट्रॅक्टरवाले आणि एक टोला. अंदाज एकाने चुकला.

दीड वर्षाने साहेब पुन्हा आले. या वेळी जीप दूर उभी करून चालत आले आणि बाकावर, ॲसिडचा डाग पाहून, जरा बाजूला बसले. शेकड्यांनी लिहून दिलेला माल गोदामात पडून होता हे त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की तुमचा तो मराठी कागद माझ्याकडे अजून आहे. पवनी आणि लाखांदूर, दोन तालुक्यांची एजन्सी ते मला द्यायला आले होते. जिल्हा नाही, दोन तालुके. मला तेवढे पुरत होते.

चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी किती जातील? पूर्वीचा मी असतो तर तिथेच आकडा सांगितला असता. मी म्हटलं, आठ दिवस द्या, विचारून सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून टोल्यांकडे निघालो.